बिनफोडणीची कोशिंबीर

मी मुळातच संशयी बाई. दारावर थाप पडली की आधी भोकातून बघते, मग साखळी लावून बघते, आणि समोरचं माणूस सख्ख्या नात्यातलं निघालं तरी ‘काय काम काढलंस?’ असं विचारते. आई म्हणायची, हिला देवानं प्रसाद दिला तरी ही विचारील, कालचा की आजचा. त्यामुळे संशयात आपल्याला कुणी मागं टाकेल असं मला कधी वाटलं नव्हतं. कोल्हापुरात खोली भाड्यानं घेतली आणि ती घमेंड पहिल्याच दिवशी उतरली.

घरमालक खाली राहायचे, मी वरच्या खोलीत. सत्तरीचा किडकिडीत माणूस, पांढरा लेंगा-सदरा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं परगावी, जेवणाचा डबा बाहेरून यायचा. नवी भाडेकरू म्हणून मी पेढे घेऊन खाली गेले. त्यांनी पेढा मधोमध मोडला, खिडकीशी नेऊन आतून बघितला, अंगठ्यानं चुरला आणि कणभर जिभेवर ठेवून डोळे मिटले. मी आपली उभीच. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाले, “खवा न्हाय ह्यो.” खवा नाही तर काय आहे, ते काही सांगितलं नाही. उरलेला पेढा कागदात गुंडाळून माझ्या हातात परत दिला.

वर येऊन मी तो खाल्ला. चांगला होता की! पण त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं होतं की मला माझ्याच तोंडाची शंका आली. त्या दुकानाची पायरी मी परत चढले नाही.

उभी हयात त्यांनी गावाकडच्या एका दूध संस्थेत टेस्टर म्हणून काढली होती. सकाळ-संध्याकाळ कॅनमागून कॅन, फॅट आणि डिग्री. डिग्री म्हणजे दुधात काचेची नळी सोडायची आणि ती कुठपर्यंत बुडते ते बघायचं. पाणी घातलेलं असलं की आकडा घसरतो. पण त्यांचा त्या नळीवरही भरवसा नव्हता. पाणी घालणारा वरून साखर नाहीतर पावडर टाकतो आणि नळी गप्प बसते, असं त्यांचं म्हणणं. “डिग्रीला फसवता येतंय, जिभंला न्हाय,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

त्या जिभेच्या गोष्टी गल्लीत पोराटोरांना पाठ होत्या. म्हैस पेंड खाते की नुसतं उसाचं वाडं, ते मालक एका घोटात सांगायचे. कॅन राखेनं घासलाय की पावडरीनं, तेही. एका लग्नात बासुंदीचा एक चमचा तोंडात घेऊन त्यांनी आचाऱ्याला बाजूला नेलं आणि नासत आलेल्या दुधात सोडा किती घातलास एवढंच विचारलं. तो म्हणे पायाच पडला. आता कोल्हापुरात कुठलीही गोष्ट जरा चढवूनच सांगतात, त्यामुळे मी त्यातलं निम्मं सोडून दिलं. उरलेलं निम्मंही कमी नव्हतं.

गल्लीची रीत याच जिभेवर चालायची. शेजारच्या गडमुडशिंगी गावची एक बाई सकाळी मोपेडला दोन कॅन अडकवून दूध घालायला यायची. सगळे तिला आक्का म्हणायचे. पहिलं माप मालकांच्या वाटीत. ते चाखायचे, मान हलवायचे, आणि मग बाकीच्या घरांतली पातेली बाहेर यायची. माझंही त्यात एक.

मालकांची तक्रार मात्र कायम एकच. आता कशालाच चव ऱ्हायली न्हाय. भाजीला न्हाय, गुळाला न्हाय, डब्यातल्या आमटीत तर बाई मीठच घालत न्हाय. दोन डबेवाल्या त्यांनी यावरून बदलल्या. शेजारपाजारचे माना डोलवायचे, खरं आहे म्हणायचे, पूर्वीची चव आता कुठली. तसं तर सगळेच म्हणतात. मीही म्हणते.

घराचा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता: मांस, मच्छी, अंडं उंबऱ्याच्या आत न्हाय. काही वर्षांपूर्वी एका भाडेकरूनं खिडकी लावून एक अंडं उकडलं, तर हे जिन्यातून हुंगत वर गेले आणि त्याला त्याच आठवड्यात घालवलं. मी गगनबावड्याकडची. घाट उतरला की कोकण, त्यामुळे आमच्याकडं सुकटीशिवाय पावसाळा जात नाही. पण खोली मी कामाला जाते त्या दुकानाजवळ, दिवसभर पाणी, वर गच्ची. मी व्हय म्हटलं. पोटात काय जायचं ते बाहेर जाईल, असा हिशोब केला.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. या कामात माणसाचा एक गुण फार बघायला मिळतो. ज्याला तक्त्यावरची अक्षरं थोडी दिसतात तो अडखळतो, डोळे बारीक करतो, चुकतो. ज्याला काहीच दिसत नाही तो मात्र खणखणीत आवाजात ठोकून देतो. हे ठाऊक असूनही मालकांच्या बाबतीत माझ्या डोक्यात उजेड पडायला दीड महिना लागला. दुसऱ्याचे डोळे तपासणं सोपं असतं.

तर ती कोशिंबीर. दुकानातली माझी मैत्रीण नवऱ्याबरोबर बँकॉकला सहलीला जाऊन आली. तिकडं म्हणे कशाबरोबरही काकडीची एक गार कोशिंबीर देतात, आणि उन्हाळ्यात तिच्यासारखं सुख नाही. कृती तिनं सांगितली आणि वर एक बाटली भेट दिली. मासळीचा रस. खारवलेल्या मासळीचं निथळलेलं पाणी, तिकडं मिठासारखं वापरतात. लेबलावर हा एवढा मासा! मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, दोरा बांधला आणि पिशवीत तळाला घालून घरी आणली.

दुपारी एक ते चार दुकान बंद. घरी येऊन मी करायला घेतलं. व्हिनेगरमध्ये साखर आणि मीठ घालून विरघळेपर्यंत जरा कोमट केलं. तिकडं ताडाचा गूळ घालतात म्हणे. आपल्या गावात गुळाला काय तोटा, म्हणून मी निम्मी साखर आणि निम्मा गूळ घातला. ते गार व्हायला ठेवलं. कोवळ्या काकड्यांच्या उभ्या फाकी करून अर्धचंद्रासारखे तुकडे, बारके लाल कांदे पातळ चिरून, दोन ओल्या लाल मिरच्या. वरून कोथिंबीर आणि भाजलेले दाणे, कूट नाही, भरड. आता वास कसा येतो ते तरी बघावं म्हणून मी बाटलीचं झाकण उघडलं. आईशप्पत, भर पावसात सुकटीचा डबा उघडल्यासारखी अख्खी खोली घमघमली. आणि तेवढ्यात दारात मालक.

चपला खाली काढून यायचे ते, पावलाचा आवाज नाही. ते सरळ ओट्याशी आले आणि एकेक वस्तू उचलून चौकशी सुरू. गूळ कशापायी, दही कुठाय, फोडणी कुठाय, फोडणी न्हाय तर ही कोशिंबीर कसली. मग कागदात गुंडाळलेली बाटली उचलली. उघडी! नाकाशी नेली. मी डोळे मिटले.

“ह्ये काय?” त्यांनी विचारलं.

“व्हिनेगरच. दुसऱ्या जातीचं,” मी म्हणाले.

त्यांनी बाटली खाली ठेवली आणि काकड्यांकडं वळले. काकडीचं टोक कापून चोळलंत का, कडू उतरवलंत का, चाखलीत का? मी नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः उरलेल्या काकडीचं टोक कापलं, फेस येईपर्यंत चोळलं, एक चकती तोंडात टाकून डोळे मिटले आणि गोड असल्याचा निकाल दिला. मासळीचा थेंबही अजून आत पडला नव्हता, तो मी पडूही दिला नाही. झाकण लावून बाटली ट्रंकेत कपड्यांखाली घातली आणि वाटीभर कोशिंबीर त्यांना दिली.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. अंड्याचा वास ज्याला जिन्यात लागला त्याला ही बाटली नाकाला लावून कळली नाही? शक्यच नाही. मग बोलला का नाही? पुरावा गोळा करतोय. मी कोशिंबिरीत घालताना मला रंगेहाथ पकडणार. मी दुकानातून आल्यावर आधी ट्रंकेचं कुलूप बघायची, कपड्यांची घडी हललीय का बघायची. बाटली फेकून द्यायची तर कुठं फेकणार, कचऱ्याची बादलीही मालक बघायचे.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी ते वाटी घेऊन हजर. “कालचं ते परत करणार का?” म्हणाले. माझा संशय पक्का झाला. मी त्यांच्यासमोर सगळं केलं, प्रत्येक जिन्नस दाखवून. ते रोज यायला लागले. येताना कोवळ्या काकड्या आणायचे, प्रत्येक काकडीचं टोक कापायचे, चोळायचे, चाखायचे, आणि मगच मला विळीला हात लावू द्यायचे. कोशिंबीर खाताना त्यांचं कपाळ घामानं डबडबायचं, नाकातून पाणी यायचं, तरी आणखी मिरची मागायचे. एकदा म्हणाले, “ह्यात काय घालताय खरं सांगा. सगळ्या जगात ह्ये एकच लागतंय मला.” मला वाटलं, हा बाटलीबद्दलच विचारतोय. मी साखर, मीठ, व्हिनेगर म्हणून परत सगळं मोजून सांगितलं.

मे महिन्यात एक दिवस त्यांनी आक्काच्या दुधाला मान हलवली नाही. एक घोट घेतला, थांबले. आत जाऊन नळी आणली, दुधात सोडली. डिग्री बरोबर. परत घोट घेतला. गल्ली दारात पातेली धरून उभी. मग त्यांनी वाटीतलं दूध मोरीत ओतलं आणि म्हणाले, डिग्री बरोबर आणि चव न्हाय, म्हंजे ही कायतरी घालतीया. आक्कानं देवाची आण घेतली, पोरांची आण घेतली. मालक आत निघून गेले. एकेक पातेलं मागं गेलं. मीही माझं मागं घेतलं. दूध चाखून बघावं एवढंही मला सुचलं नाही. संशय घ्यायला मी कधी मागं नसते.

तीन आठवड्यांनी आक्का मला कोपऱ्यावर भेटली. ती पलीकडच्या गल्लीत दोन-तीन घरांना दूध घालायला अजून इथूनच जायची. तोंड उतरलेलं. एवढी घरं तुटल्यावर वैरण कुणाच्या जिवावर घालायची, दोन म्हशींतली एक येत्या रविवारी बाजारात विकायला न्यायची, असं सांगत होती. चौथ्या वेताची, तिच्या हातची वाढलेली म्हैस. “पानी घातलं असतं तर ऐकून घेतलं असतं बाई,” एवढंच म्हणाली आणि मोपेड चालू केली. मला तोंड वर करवेना.

त्याच आठवड्यातला शुक्रवार. मालकांनी काकड्या आणल्या, नेहमीसारख्या चाखून पास केल्या. मी कोशिंबीर केली, दोन वाट्या भरल्या. पहिला घास घेतला आणि थुंकले. कडूजहर! घशापर्यंत कडू. समोर मालक तीच कोशिंबीर मिटक्या मारत खात होते. मिरचीनं डोळ्यांत पाणी, तोंडावर समाधान. मी कापलेलं टोक उचलून जिभेला लावलं. तेही विष. त्यांनी त्याचीच चकती दहा मिनिटांपूर्वी चावून गोड म्हटली होती.

तक्ता न दिसणारी माणसं मला एकदम आठवली. पेढा, आमटी, बाटली, दूध, सगळं एका दमात समोर आलं. त्यांना आंबट चावतंय, तिखट भाजतंय, कुरकुरीत दातांना कळतंय. बाकी त्या तोंडात काहीच पोचत नव्हतं. आक्काच्या दुधालाही ते नुसत्या सवयीनं मान हलवत आले होते, आणि रोज माझी कोशिंबीर चावायला लागल्यावर ते दूध एकदम फिकं वाटलं असणार. “कधीपासून?” मी विचारलं, तर ते म्हणाले, “काय कधीपासून?” कोरोनात ताप आला होता का? आलाता दोन दिवस, पण कोरोना न्हाय, मी तपासू दिलंच न्हाय त्यांना.

“काकडी कडू आहे,” मी म्हणाले.

“तुमची जीभ बिघडलीया,” ते म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

माझं डोकंच फिरलं. खरं सांगते, तिथं दया-माया काही नव्हती. आक्काचं तोंड डोळ्यांसमोर होतं आणि स्वतःचा राग येत होता, तो मी त्यांच्यावर काढला. ट्रंक उघडली, बाटली काढली, दोरा तोडला, कागद फाडला आणि माशाचं चित्र त्यांच्यासमोर धरलं. सांगितलं की मासळीचा रस आहे. त्या दिवशी तुम्ही उघडी नाकाला लावून बघितली ती हीच. तुमच्या पोटात थेंब गेलेला नाही, देवाशप्पत, पण तुमच्या नाकाला तो कळला नाही. तुम्हाला कशाचाच वास येत नाही, चव कळत नाही. आक्काच्या दुधाला चव होती.

मालकांनी बाटली घेतली. झाकण काढून नाकाशी नेली. पहिल्यांदा हळू, मग जोरात, मग तोंड उघडं टाकून. मासळीच्या वासानं मला तिथं उभं राहवत नव्हतं आणि ते पुन्हापुन्हा हुंगत होते. शेवटी मीच त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली. त्यांनी वाटीतल्या काकडीकडं बघितलं. त्यांना हे ठाऊक होतं की नव्हतं, माझ्यासारख्या संशयी बाईला अजूनही नक्की सांगता येत नाही. मला वाटतं, नव्हतं. जगच भेसळीचं झालं असं त्यांनी धरलं होतं, आणि सगळं जग त्यांना दुजोरा देत होतं.

दारात जाऊन ते वळले. “घरात मासळी आली,” ते म्हणाले. “म्हैना संपला की खोली मोकळी करा.”

त्यांनी नियम मोडला नाही आणि मीही गयावया केली नाही. महिनाअखेरीला मी खोली सोडली. त्याआधी त्यांनी ती कोशिंबीर माझ्याकडून स्वतःच्या हातानं करून शिकून घेतली. काकडी आधी मला चाखायला द्यायचे आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायचे. पण ते नंतरचं. त्या शुक्रवारी मी एवढंच समजले की माझी खोली गेली आणि आक्काची म्हैसही गेली, उगीच तोंड उघडलं.

शनिवारी सकाळी खाली मोपेड करकचून थांबल्याचा आवाज आला. मी गच्चीवरून बघितलं. मालक रस्त्याच्या मधोमध वाटी घेऊन उभे होते आणि आक्काची वाट अडवली होती. भांडण होणार म्हणून गल्ली दारात आली. मी धावत खाली गेले.

मालकांचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “हिचं दूध चोख हाय,” ते म्हणाले. “माझी जीभ मेलीया. मला कशाचंच काय कळत न्हाय. ह्ये मी आदीच सांगाय पायजे हुतं.”

आक्का मोपेडवरून उतरली. तिला रडू येतंय की राग, मला कळलं नाही. तीन आठवडे जे ऐकून घेतलं ते सगळं आता ही बाहेर काढणार, असं मला वाटलं, आणि तो तिचा हक्कच होता. मालकही त्याच तयारीनं उभे होते, मान खाली घालून. तिनं कॅनचं झाकण काढलं, माप बुडवलं आणि त्यांच्या वाटीत दूध ओतलं.

मालकांनी वाटी तोंडाशी नेली आणि थांबले. परत खाली घेतली.

“कसं हाय?” त्यांनी विचारलं. “तू सांग.”

आक्कानं पदरानं नाक पुसलं. “गोड हाय, मालक. मक्याचा हिरवा चारा घातलाय कालपास्नं. थोडं गवताचं लागतंय शेवटाला. तुमास्नी आवडायचं तसं.”

मालकांनी मान हलवली, वाटी तोंडाला लावली आणि डोळे न मिटता सगळं दूध पिऊन टाकलं.